साडूचा डावा डोळा

साडू या नात्याला कुणी फारसा मान देत नाही. दोन अनोळखी पुरुष दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं करतात आणि मग जन्मभर एकाच सासऱ्याची उणीदुणी काढतात, एवढंच काय ते नातं. पण माझा थोरला साडू निराळा. त्याची गोष्ट मी सांगायला बसतो आणि दरवेळी कुणी ना कुणी उठून जातं, कारण ऐकताना माणसाचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे जातो. तुमचाही गेला तर जाऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

धंद्याने तो चेहरे रंगवणारा. कापडाच्या दुकानांत काचेमागे पुतळे उभे असतात ना, नवाकोरा कोट घालून, हात जरासा पुढे काढून, त्यांचे चेहरे. पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये ते पुतळे साच्यातून निघत, घासले जात आणि शेवटी त्यांची डोकी याच्या टेबलावर येत. येताना आंधळी, जाताना बघती. भुवई तो श्वास रोखून एका दमात काढी, म्हणून शेडमध्ये सगळे त्याला ‘भुवया’च म्हणत. मालकसुद्धा. पगाराच्या दिवशी हाक यायची, “भुवया, ये रे, डोळे वटारत बसू नकोस.”

त्याची काम करायची तऱ्हा अशी. समोर दाढीचा छोटा आरसा टेकवायचा. पुतळा हसरा हवा असेल तर स्वतः थोडं हसायचं, आरशात बघायचं, आणि ते हसू ब्रशने उचलून पुतळ्यावर ठेवायचं. पुतळा बाईचा असो की पोराचा, हसू याचंच. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, तिला आम्ही घरात थोरली म्हणायचो, ती बाजारातून आली की सांगायची, “आज माझा नवरा परकर घालून उभा होता हो, कोपऱ्यावरच्या दुकानात. बरा दिसत होता.” दुसरी खोड म्हणजे ब्रशचं टोक ओठात धरून ओलं करायचं. थोरली त्यावरून रोज बोलायची. “रंग पोटात जातोय. एक दिवस आतून भुवया उगवतील तुम्हाला.”

ती गेली तेव्हा हा रडला नाही. घरात माणसं भरलेली, माझी बायको तर आडवी पडलेली, आणि हा भिंतीला टेकून बसला होता, चेहरा कोरा. काही दिवसांनी कामावर गेलासुद्धा. “भावजींनी डोळ्यातून टिपूस काढलं नाही,” असं आमची ही आजही म्हणते, पण आता म्हणताना आवाज खाली करते. त्याचं कारण पुढे येईल.

वर्षभराने त्याच्या मुलाचं लग्न झालं. सून आली ती मोजकं बोलणारी, हाताला चव असलेली. सासूला तिने पाहिलेलं नव्हतं, फोटोतच काय ती ओळख. घर पुन्हा मार्गी लागलं असं वाटत होतं, आणि मग एका सकाळी चूळ भरताना साडूच्या तोंडातलं पाणी डाव्या बाजूने आपोआप गळून शर्टावर आलं. आरशात बघतो तर अर्धा चेहरा उतरलेला. डावा गाल लोंबलेला, ओठाचा कोपरा खाली, आणि डावी पापणी मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, येईल परत. झोपताना त्या डोळ्यावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर तो उघडाच राहायचा.

तशातच तो कामावर जात होता, म्हणून मी शेडमध्ये बघायला गेलो. भर दुपार, पत्रा तापलेला, माणसं जेवायला बाहेर गेलेली. दोन्ही बाजूंना फळ्यांवर डोकी. काहींना एकच डोळा, काहींना ओठ नाहीत. टोकाला टेबल, आणि टेबलामागे त्याचं डोकं, डावी बाजू माझ्याकडे. मी हाक मारली. ते हललं नाही. डोळा सताड उघडा, त्यावर उजेड चकाकतोय, पापणी लवत नाही. मला वाटलं, पोरांनी गंमत म्हणून याच्यासारखा पुतळा केलाय. काय काम केलंय, असं म्हणत मी जवळ गेलो आणि बुबुळावरचा रंग वाळलाय का ते बघायला बोट पुढे केलं.

“डोळा फोडतोस का?” तो पुतळा म्हणाला.

बोलली ती उजवी बाजू. डावी जशीच्या तशी होती. मी मागच्या फळीवर आपटलो आणि एक डोकं गडगडत माझ्या पायाशी आलं, हसरं.

“घाबरू नकोस,” साडू म्हणाला, “ते बिनडोळ्याचं आहे, त्याने तुला पाहिलं नाही.”

चेहरा परत आला. महिनोन् महिने लागले, पण आला. गाल वर चढला, पापणी मिटायला लागली. फक्त आला तो नेमका होता तसा आला नाही. तो हसला की डावा डोळा अर्धा मिटायचा. आणि डोळा मिटला की ओठाचा डावा कोपरा थरथरायचा, जणू त्या बाजूने कुणी अर्धा शब्द बोलून थांबतंय. त्याच्याशी बोलत बसलं की आपण नकळत त्या कोपऱ्याकडे बघत राहायचो, शब्द पुरा होईल म्हणून.

आणि मग जेवणाचं सुरू झालं.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला होतो. साडू रंगात आला होता. एका दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, पुतळा माझ्या बायकोसारखा कर. केला तर म्हणाला, हुबेहूब आहे, आता जरा बरा कर. सगळे हसलो. सुनेने भात वाढला, याने पहिला घास घेतला, आणि हसता हसता डावा डोळा भरून आला. भरला, ओसंडला, गालावरून हनुवटीपर्यंत धार लागली. उजवा डोळा कोरडा. तो तसाच दुकानदाराची नक्कल करत होता, घास चावत होता, आणि डावी बाजू रडत होती. सुनेच्या हातातला डाव भातात रुतून राहिला. मुलगा ताटात बघत होता, म्हणजे हे नवं नव्हतं.

जेवणानंतर मी त्याला गच्चीवर गाठलं. “डोळ्याला काय झालंय?”

“काही नाही. थोरली येते.”

“कुठे?”

“इथे.” त्याने डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. “मी तेव्हा रडलो नाही ना. मला येतच नव्हतं रे रडायला. तिने मग स्वतःच मनावर घेतलं. जेवायच्या वेळेला येते. आम्ही बरोबरच जेवायचो.”

हे त्याने कसं सांगितलं, तर मालाची गाडी किती वाजता येते ते सांगावं तसं. मी म्हटलं, वारा लागला असेल, धूळ गेली असेल. तो म्हणाला, “शेडमध्येही येते. पण तिथे फक्त ब्रश तोंडात घातला की येते. दुसऱ्या कशाला येत नाही. ब्रशवरून कोण बोलायचं मला?”

पुढल्याच आठवड्यात बाजारात एका काचेसमोर मी थबकलो. काळा कोट घातलेला पुतळा, आणि त्याच्या गालावर, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, रंग जरासा विरघळलेली एक रेघ. ओल्या रंगावर वरून थेंब पडला होता. दुकानदाराला कळलं नव्हतं. लोक कोटाची किंमत विचारत होते.

इकडे त्या घरात सुनेची अवस्था वाईट होत चालली होती. जेवणाच्या खोलीची खिडकी रस्त्यावर. समोरच्या काकू दुसरीला सांगायच्या, म्हातारा रोज दोन्ही वेळा रडत जेवतो, काय वाढतात कोण जाणे. नातेवाईक फोनवर ‘सगळं ठीक ना’ असं इतक्या मऊ आवाजात विचारायचे की तिला कळायचं. ती आता वाढून झालं की स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहायची. एकदा मला हळूच म्हणाली, “काका, मी मीठ घालते आणि तीनतीनदा चाखून बघते.”

म्हणून मी साडूला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं, सून बरोबर आली. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मा डोक्यावर ढकललेला. तिने त्याला हसायला लावलं, डोळे मिटायला लावले, मग ड्रॉवरमधून आंबट गोळी काढून जिभेवर ठेवली. डावा डोळा भरला. ती खूश झाली, पुस्तकातलं चित्र प्रत्यक्ष दिसल्यासारखी.

“याला नक्राश्रू म्हणतात,” ती म्हणाली.

मी तिथेच समजलो, संपलं. आपल्या भाषेत नक्राश्रू कुणाचे, तर ढोंग्याचे. मगर भक्ष्य खाताना रडते तसले. साडू उठून उभा राहिला. गोळी तोंडातून काढून टेबलावर ठेवली. गालावरून धार चाललेलीच.

“माझी बायको ढोंगी नव्हती,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

“अहो, ते आजाराचं नाव आहे,” डॉक्टरीणबाई दाराला म्हणाली. मग आमच्याकडे वळली. “बायको कुठून आली यात?”

सुनेने सांगितलं, खालच्या आवाजात, सगळं. बाई ऐकत राहिली. मग चष्मा नाकावर घेऊन तिने आम्हाला जे समजावलं ते मी पुढे कितीजणांना सांगितलं असेल, आणि सांगताना दरवेळी मला मजाही वाटते आणि पाठीवरून काहीतरी सरकतंही.

ती म्हणाली, चेहऱ्याची नस म्हणजे एक दोरी नव्हे, हजारो बारीक शेपट्यांची जुडी. प्रत्येक शेपटी एकेका पेशीची. चेतापेशी म्हणतात तिला. पेशी बसलेली असते मेंदूच्या बुडाशी, आणि तिची शेपटी पार गालापर्यंत आलेली. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी शेपटी तर कंबरेपासून निघते, मधे सांधा नाही, सगळी एकच पेशी. मी माझ्या चपलेकडे बघितलं.

“पेशीच्या अंगाला झाडासारख्या फांद्या असतात,” बाई सांगत होती. “त्यांवर दुसऱ्या पेशी येऊन कुजबुजतात. कुणी म्हणते हो, कुणी म्हणते नको. हो पुरेसे जमले की शेपटीच्या मुळाशी एक झटका उठतो, विजेचा, अगदी बारीक. शेपटीच्या सालीत दारं असतात. बाहेर खारट पाणी. दार उघडलं की मिठाचे कण आत घुसतात, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. असा तो टोकापर्यंत धावतो. झटका लहानमोठा नसतो. उठला तर पुरा उठतो, नाहीतर नाही.”

“मग जोरात सांगायचं झालं तर?” सुनेने विचारलं.

“तर एकामागून एक, घाईघाईने. आणि शेवटी टोकाला फट असते. फटीच्या अलीकडे रसाच्या इवल्या पिशव्या. झटका आला की त्या फुटतात, रस पलीकडे सांडतो. पलीकडे स्नायू असला तर तो आखडतो, ग्रंथी असली तर पाझरते.”

“पण पेशीला कसं कळतं, आपण हसवतोय की रडवतोय ते?”

“कळत नाही. हसण्याचा, रडण्याचा, भुकेचा, झटका एकसारखाच. शेपटी कुठे जाऊन टेकली आहे, त्यावर सगळं.”

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या मनात आलं, माझ्या आत असल्या अगणित जणी अंधारात बसल्यात, निरोप धाडतायत, आणि कशाचा निरोप ते त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही. आणि त्या सगळ्यांचा मिळून मी.

बाई सांगत होती, “यांची नस कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात चेपली. शेपट्या मेल्या, पेशी जगल्या. जगलेली पेशी नवी शेपटी काढते. जुनीची रिकामी नळी असते, तिच्यातून चाचपडत पुढे सरकते, दिवसाला टाचणीच्या डोक्याएवढी. पण काही दुसऱ्याच नळीत शिरतात. डोळ्याकडची ओठात जाते, म्हणून डोळा मिटला की ओठ हलतो. आणि लाळेच्या ग्रंथीकडे निघालेल्या काही शेपट्या अश्रूंच्या ग्रंथीत पोचल्या. घास तोंडात आला की मेंदू म्हणतो, लाळ सोड. पेशी ते पोचवते. आणि डोळा वाहतो. ब्रश तोंडात घातला तरी तेच.”

“तिला कधीच कळत नाही, चुकलंय ते?”

“तिच्या लेखी ती घरी पोचली आहे.”

सुनेने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग विचारलं, उपाय काय. बाई म्हणाली, अश्रूंच्या ग्रंथीत एक सुई द्यायची. त्या औषधाने टोकाच्या पिशव्या फुटत नाहीत. झटका येत राहतो, दार ठोठावत राहतो, पण पलीकडे काही सांडत नाही. कायमचं मात्र नाही. काही महिन्यांनी टोक पुन्हा कामाला लागतं, मग पुन्हा सुई.

घरी येऊन हे सगळं मी साडूला सांगितलं, हातवारे करून, सोप्यातलं सोपं करून. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तू तिच्या हातचं किती वर्षं जेवलास? आणि ही पेशी तुला आजपासून माहीत. मला मगर म्हणणारीचं ऐकू म्हणतोस?” विषय संपला. सुई घेणार नाही म्हणजे नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलाचा फोन आला, काका-मावशी, लगेच या. आम्ही गेलो तर पुढच्या खोलीत बॅग भरून ठेवलेली. मुलगा खिडकीशी, सून बॅगेशेजारी उभी, साडू खुर्चीत.

“कुठे निघालीस ग?” आमच्या हिने विचारलं.

“माहेरी, मावशी.”

“किती दिवस?”

तिने बॅगेचा पट्टा आवळून घेतला, आणि ते सगळ्यांना कळलं. साडू म्हणाला, “मी तुला कधी उणं बोललोय का पोरी? जेवणाला नाव ठेवलंय?”

“नाही बाबा. तुम्ही नाही.” ती त्याच्यासमोर खाली बसली. “एक विचारते, रागावू नका. सासूबाई येतात म्हणता तुम्ही. डॉक्टर काहीही म्हणू देत, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण त्या रडतच का येतात? माझ्या हातचा पहिला घास तुमच्या तोंडात गेला की रडतात. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. मी त्यांच्या ओट्याशी उभी राहते, त्यांच्या भांड्यांत रांधते, आणि त्या रोज दोन वेळा माझ्यासमोर रडतात. शेजाऱ्यांचं मी सोसेन. सासूबाईंचं कसं सोसू? माझं काय चुकतं, ते तरी विचारा त्यांना.”

साडूने तोंड उघडलं. डावी पापणी मिटली आणि ओठाचा तो कोपरा हलला. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. सून तर श्वास रोखून, खरंच उत्तर येईल तशी. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्या खोलीत मला पेशी-बिशी काही आठवली नाही.

“ती तसली बाई नव्हती,” तो शेवटी म्हणाला.

“मग रडतं कोण?”

इतक्या दिवसांत हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता, हे त्याच्या उजव्या बाजूवर स्पष्ट दिसत होतं. थोरलीला वाचवायचं तर तिला त्या डोळ्यातून काढायला हवं होतं. ती तिथे असेल, तर ती या पोरीच्या घासावर रोज रडणारी सासू होती. आणि तशी ती नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत.

“ती तुझ्यावर रडली नसती,” तो म्हणाला. “म्हणजे ती नसेल.” मग मुलाकडे बघून, “रिक्षा बोलाव. मगर म्हणाली तर म्हणू दे.”

सुई दिली. काही दिवसांत डोळा कोरडा झाला. खिडकीसमोरच्या काकूंना दुसरा विषय मिळाला, बॅग माळ्यावर गेली, सून ओट्याशी गुणगुणायला लागली. तिच्या स्वयंपाकाचं काय कौतुक सांगू, मी तर कारण काढून जायचो. पण साडू जेवताना आता फार बोलत नसे. घास घेई, चावणं मधेच थांबवी, आणि मान किंचित डावीकडे कलती करून बसे, बंद दाराशी कान लावावा तसा. आत झटका येत असेल, ठोठावत असेल, बाई म्हणाली होती तसा. काही सांडत नसे. मग तो पुन्हा चावायला लागे. मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसतंय.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. सुनेने भात वाढला, साडूने घास घेतला, आणि डाव्या पापणीच्या काठावर एक थेंब येऊन थरथरत उभा राहिला. मग घरंगळला. साडूने घाईने बाही वर नेली.

मुलगा म्हणाला, “औषध उतरलं वाटतं. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो, बाबा.”

“पुढच्या आठवड्यात घ्या,” सून म्हणाली. “घाई काय आहे?”

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. ती स्वयंपाकघरात गेली नाही, दाराआड गेली नाही. खुर्ची ओढून सासऱ्यासमोर बसली. साडूची बाही अजून हवेतच होती.

“पुसू नका, बाबा,” ती म्हणाली. “इतक्या महिन्यांनी आल्यात. विचारा त्यांना, आज कसं झालंय.”

साडूने बाही खाली घेतली. दुसरा थेंब आला, तिसरा आला, धार लागली. उजवा डोळा कोरडा, तो सुनेकडे बघत होता. डावा कुणाकडे बघत होता, मला सांगता येणार नाही. मग पापणी मिटली, ओठाचा कोपरा हलला, आणि तो म्हणाला, “भात जरा मऊ झालाय म्हणते.”

“तांदूळ नवा आहे म्हणावं,” सून डाव्या डोळ्याला म्हणाली, आणि आणखी एक डाव वाढला.